मान खाली नको, आवाज वर नको
(वर्षावासानिमित्त बोईसर येथे दिलेले प्रवचन)



वर्षावास सुरू आहे. दर रविवारी संध्याकाळी आपण या विहारात जमतो, परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो, आणि वाचनानंतर कोणीतरी चार शब्द बोलतो. आज ती पाळी माझी आहे. मी कोणी भिक्खू नाही, पंडितही नाही. प्राथमिक शाळेतला साधा शिक्षक आहे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे नोकरी लागली तेव्हा कचेरीत कसे वागायचे, वरिष्ठांशी कसे बोलायचे, हे सांगणारे घरात कोणीही नव्हते. वडिलांनी आयुष्यभर ठेकेदाराच्या हाताखाली खडी फोडली. मी कामावर रुजू होण्याच्या आदल्या रात्री ते एवढेच म्हणाले, "बाळा, साहेबापुढे मान खाली घालू नको आणि आवाज वर चढवू नको."

या दोन गोष्टी एकाच वेळी कशा साधायच्या हे मला पुष्कळ दिवस कळले नाही. मान ताठ ठेवली की आवाज आपोआप चढे, आणि आवाज खाली आणला की मानही खाली जाई. आज त्याचबद्दल बोलायचे आहे. आपण दिवसाचे आठ-दहा तास ज्या माणसांबरोबर घालवतो, त्यांतली काही माणसे मोठी कठीण असतात. त्यांच्याशी बौद्धाने कसे वागावे?

हा विषय मी पुस्तकातून काढलेला नाही. तो एका रात्री माझ्या दारात येऊन उभा राहिला. दुसरी पाळी सुटून गेली होती, अकरा वाजून गेले होते. आपल्याच वस्तीतला एक तरुण, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडून कामाला लागलेला, कारखान्याचे बूट न काढताच आला. त्याच्या पिशवीत लोखंडी पाना होता. तो म्हणाला, "सर, उद्या मी कामावर जाणार. पण घरी परत येईन की पोलीस ठाण्यात जाईन, ते सांगता येत नाही. माझ्या आईकडे लक्ष ठेवा." मी त्याला बसवले, पाणी दिले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. त्याचा सुपरवायझर त्याला नावाने हाक मारीत नसे. चाळीस माणसांसमोर "ए जयभीम, इकडे ये" असे म्हणे, आणि बाकीचे हसत. ज्या शब्दाने आपण एकमेकांना माणूस म्हणून ओळखतो, त्या शब्दाची त्याने शिवी केली होती.

शेवटी त्या तरुणाने मला प्रश्न विचारला. तो प्रश्न महत्त्वाचा आहे. "सर, तुम्ही विहारात खंती, मैत्री सांगता. म्हणजे मी हे सहन करायचे का? आपल्या आजोबा-पणजोबांनी सहनच केले ना? मग धम्म घेऊन काय फरक पडला?"

बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याने खंतीवर प्रवचन करू नये.

उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. इथून विरारला जाऊन गाडी बदलली की पुढचेच स्टेशन नालासोपारा. तेच प्राचीन शूर्पारक, पालीतले सुप्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे 'बुरुड राजाचा कोट' नावाची टेकडी खणली, तेव्हा आत स्तूप निघाला आणि दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक सापडले. त्याच गावी सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. २०१४ पासून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि सोपारा त्यात आला, म्हणजे ही आपल्याच जिल्ह्याची ठेव आहे. या शूर्पारकाचा पुत्र म्हणजे पूर्ण, पालीत ज्यांना पुण्ण थेर म्हणतात ते. 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथातल्या कथेप्रमाणे पूर्ण हा एका धनिकाला दासीपासून झालेला मुलगा. घरात तीन सावत्र भाऊ होते. बाप गेल्यावर वाटण्या झाल्या, त्यात दासीपुत्र म्हणून पूर्णाला हिणवले गेले. पुढे त्याने व्यापारात मोठे नाव कमावले, श्रावस्तीला तथागतांचे दर्शन घेतले आणि प्रव्रज्या घेतली. अपमान कशाला म्हणतात हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते तो घरातच शिकला होता.

भिक्खू झाल्यावर पूर्णाने अपरांतात, म्हणजे आपल्या या पश्चिम किनाऱ्याच्या मुलखात, जायची इच्छा तथागतांना सांगितली. 'मज्झिम निकाया'त हा प्रसंग आहे. तथागतांनी त्याला विचारले की तिकडचे लोक उग्र आणि कठोर आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर तुला काय वाटेल? पूर्णाचे उत्तर असे, की हे लोक भलेच म्हणायचे, हात तरी उगारत नाहीत. हात उगारला तर? दगड तरी मारत नाहीत. दगड मारले तर? काठी तरी चालवत नाहीत. असे करीत प्रश्न शस्त्रापर्यंत आणि मृत्यूपर्यंत गेला, आणि पूर्णाचे चित्त जागचे हलले नाही. तेव्हा तथागतांनी त्याला जायला सांगितले. आणि पुढची गोष्ट ऐका, कारण ती सांगायची आपण विसरतो. त्याच वर्षावासात पूर्णाने त्या उग्र लोकांतून पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडवल्या.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे या. पूर्णाची खंती आणि आपल्या आजोबांची लाचारी या एकच आहेत का? नाहीत. आजोबांना दुसरी वाट नव्हती. गावकीच्या बाहेर त्यांना भाकरी नव्हती. पूर्ण मात्र स्वतःच्या इच्छेने तिथे गेला. लाचार माणूस अपमान गिळतो आणि गप्प बसतो. पूर्ण गप्प बसला नाही. तो बोलत राहिला, शिकवत राहिला, आणि त्याने समोरचा समाज बदलला. लाचार माणूस मनात म्हणतो, मी याच लायकीचा असेन. पूर्ण म्हणतो, तुझी शिवी ही तुझी अवस्था आहे, माझी किंमत नव्हे. खंती म्हणजे अन्याय मान्य करणे नव्हे. आपल्या चित्ताची किल्ली समोरच्याच्या हातात न देणे, ही खंती. त्या रात्री पिशवीतला पाना बाहेर निघाला असता, तर त्या मुलाची नोकरी, त्याची आई आणि त्याची पुढची दहा वर्षे हे सगळे कोणाच्या हाती गेले असते? त्या सुपरवायझरच्याच!

हे त्याला पटले. पण मन शांत ठेवून उद्या करायचे काय, हा प्रश्न उरलाच. मी शिक्षक माणूस, मला वहीशिवाय सुचत नाही. मी एक कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. त्याला म्हणालो, "हा सुपरवायझर सगळ्यांशीच जे वाईट वागतो, ते डाव्या बाजूला लिही. फक्त तुझ्याशीच, तू बौद्ध म्हणून जे वागतो, ते उजव्या बाजूला लिही." तो अर्धा तास लिहीत होता. डाव्या बाजूला आले: ओरडतो, आई-बहिणीवरून बोलतो, सुट्टी ऐन वेळी नाकारतो, पाळी संपताना काम सांगतो, दुसऱ्याने केलेले काम स्वतःच्या नावावर खपवतो. उजव्या बाजूला तीनच ओळी आल्या: जयभीम म्हणून हिणवतो, पिंपे धुण्याचे काम नेहमी मलाच लावतो, चहाला माझा कप वेगळा ठेवायला लावतो.

बंधूंनो, डावी बाजू म्हणजे स्वभाव. उजवी बाजू म्हणजे अन्याय. दोन्हींचा त्रास सारखाच वाटतो, पण दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. स्वभावाला अन्याय समजून भांडत बसलो तर आपण जन्मभर भांडतच राहू आणि आपली खरी तक्रार कोणी ऐकणार नाही. उलट अन्यायाला 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून सोडून दिले तर आपण १९५६ च्या आधीच्या काळात परत गेलो, असे समजा.

आधी उजवी बाजू घेऊ. तिथे आपल्याला बाबासाहेबांचेच आयुष्य वाट दाखवते. १९१७ साली ते परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानात नोकरीला गेले. एवढा विद्वान माणूस, पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकीत. राहायला जागा मिळेना, म्हणून ओळख लपवून ते एका पारशी वसतिगृहात राहिले; अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. संध्याकाळपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत आले. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विचार करा, त्या वेळी त्यांच्या हातात काय होते? त्यांनी कोणाच्या अंगावर हात टाकला नाही. त्यांनी आपले शिकवणे इतके चोख केले की दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांच्या व्याख्यानांना येऊन बसू लागले. आणि ते काही विसरलेही नाहीत. बडोद्याची हकीकत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. प्राध्यापकांच्या खोलीतला तो माठ त्यांनी फोडला नाही. पण २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे बरोबर घेऊन ते महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाण्याचा प्रश्नच मुळापासून हाती घेतला.

याचा अर्थ काय? एका वाईट माणसाशी वैर धरण्यात त्यांनी आयुष्य खर्च केले नाही, तर त्या माणसाला बळ देणाऱ्या व्यवस्थेशी ते लढले. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. त्या खात्यात पगार जास्त होता. हा काही एका जॉबरचा स्वभाव नव्हता. तिथे नुसती मैत्री भावना करून भागले नसते. तिथे संघटना हवी होती, मागणी हवी होती, कायदा हवा होता.

आज कायदा आहे. राज्यघटनेचे सतरावे कलम आहे, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. भगिनींसाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसे जिथे कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. पण कायदा कागद मागतो, तारीख मागतो, साक्षीदार मागतो. म्हणून उजव्या बाजूची प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी लिहून ठेवा: कोणती तारीख, कोणती वेळ, काय शब्द, कोण हजर होते. शक्य तो एकटे जाऊ नका, चार जण मिळून जा. एकट्याच्या तक्रारीला भांडण म्हणतात, चौघांच्या तक्रारीला प्रश्न म्हणतात. संघाला शरण जाणे याचा कारखान्यातला अर्थ हाच आहे.

आता डावी बाजू. ती लांबलचक असते, आणि तिला कायदा पुरत नाही. कुजकट बोलणारा, काम ढकलणारा, चुगल्या सांगणारा, क्षणात पेटणारा, अशा माणसांवर कोणत्या कलमाखाली खटला भरणार? इथे धम्मसेनापती सारिपुत्तांनी 'अंगुत्तर निकाया'त फार व्यवहारी उपदेश केला आहे. ज्याच्याबद्दल मनात राग साठतो, अशी माणसे त्यांनी पाच प्रकारची सांगितली आणि प्रत्येकाला एक उपमा दिली. मी त्या उपमा आपल्या रोजच्या माणसांना लावून सांगतो.

पहिला प्रकार, ज्याची कृती वाईट पण बोलणे चांगले. त्याला उपमा रस्त्यात पडलेल्या चिंधीची. भिक्खू ती पायाखाली धरून पसरतो, चांगला तुकडा फाडून घेतो आणि बाकीची सोडतो. आपल्याकडे असा माणूस प्रत्येक कचेरीत असतो. 'करतो ना दादा, उद्या नक्की' म्हणणारा गोड कारकून, ज्याच्या टेबलावर तुमच्या वेतनवाढीची फाईल सहा महिने झोपलेली असते. त्याच्या गोड बोलण्याचा तुकडा घ्या, भांडण करू नका. पण त्याच्या शब्दावर विसंबूही नका. अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या.

दुसरा प्रकार, ज्याचे बोलणे वाईट पण कृती चांगली. त्याला उपमा शेवाळ माजलेल्या तळ्याची. तहानलेला माणूस हातांनी शेवाळ बाजूला सारतो आणि खालचे पाणी पितो. कारखान्यातला एखादा जुना ऑपरेटर असतो, तोंडाने अगदी तिखट. 'तुला अक्कल आहे का' हे त्याचे सकाळचे नमस्कार. पण चालू मशिनमध्ये तुमचा हात जायला लागला तर बटण दाबायला तोच धावतो. त्याची भाषा शेवाळ, त्याची विद्या पाणी. शेवाळ खाऊन कोणाचे पोट भरत नाही, आणि शेवाळाला रुसून तळ्याकाठी तहानलेले राहणेही शहाणपणाचे नाही.

तिसरा प्रकार, ज्याचे बोलणे आणि कृती दोन्ही वाईट, पण मधूनमधून ज्याचे मन उघडते. त्याला उपमा गाईच्या खुरात साचलेल्या पाण्याची. भांडे बुडवले तर पाणी गढूळ होईल, म्हणून माणूस खाली वाकून अलगद पितो. यात कमीपणा नाही, कारण तहान आपली आहे. माझ्या पहिल्या शाळेत एक वरिष्ठ होते. दोन वर्षे त्यांनी मला सरळ उत्तर दिले नाही. त्यांची मुलगी बारावी पास झाली त्या दिवशी ते पेढे वाटत होते. मी तिचे अभिनंदन केले, पुढे ती काय शिकणार ते विचारले. दहा मिनिटे तो माणूस बाप म्हणून माझ्याशी बोलला. त्याच दहा मिनिटांत मी माझ्या वर्गाची गळती सांगितली. ती त्यांनी पुढच्या आठवड्यात दुरुस्त करून दिली. त्यांचा स्वभाव काही बदलला नाही. पण माझ्या मुलांच्या डोक्यावरचे गळणे थांबले.

चौथा प्रकार, ज्याचे बोलणे वाईट, कृती वाईट आणि मनही कधी उघडत नाही. त्याला उपमा आजारी वाटसरूची, ज्याचे मागचे गाव दूर राहिले आहे आणि पुढचेही दूर आहे. त्याला पाहून राग येत नाही, दया येते. जो माणूस घरीही कोणाला नको, कामावरही कोणाला नको, निवृत्त झाल्यावर ज्याला कोणी हाक मारणार नाही, तो वाटेत पडलेला रोगीच होय. मात्र करुणा म्हणजे त्याचा रोग स्वतःला लावून घेणे नव्हे. त्याच्याशी कामापुरते बोला, त्याच्या चुगल्यांना कान देऊ नका, त्याच्या ग्रुपवरच्या टोमण्यांना उत्तर देऊ नका. बदली मिळत असेल तर जरूर घ्या. त्यात पळपुटेपणा नाही. बाबासाहेबांनीही बडोदा सोडलेच होते.

आणि पाचवा प्रकार ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ज्याचे बोलणे, कृती आणि मन तिन्ही चांगले, तोही सारिपुत्तांनी या यादीत घातला आहे. त्याला उपमा निर्मळ, थंडगार तळ्याची, ज्याच्या काठी झाडाची सावली आहे. अशा माणसाबद्दलही आपल्या मनात राग साठतो! त्याला आधी बढती मिळाली म्हणून, साहेब त्याचे ऐकतात म्हणून. इथे दोष तळ्यात नसतो, आपल्या पोटात असतो. त्रास देणाऱ्यांची यादी करताना त्यातली किती नावे केवळ मत्सराने घातली आहेत, हे तपासून पाहा.

याच निकायात तथागतांनी दुसऱ्याची चूक दाखवण्यापूर्वी पाच गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: वेळ योग्य आहे का, सांगतो ते खरे आहे का, शब्द मृदू आहेत का, त्यातून हित होणार आहे का, आणि मनात मैत्री आहे का. आपल्या तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत तर हा जीवन-मरणाचा प्रश्न आहे. जो सुपरवायझर प्रत्येक चुकीवर अंगावर येतो, त्याच्या खात्यात रिॲक्टरचे तापमान चढू लागले तरी नवा पोरगा सांगायला घाबरतो. 'आता ओरडेल' या भीतीत गेलेली दोन मिनिटे किती घरांचे नुकसान करतील, हे या वसाहतीत राहणाऱ्यांना सांगायला नको. कठोर वाणी हे केवळ शीलाचे उल्लंघन नाही, ती धोकादायक वस्तू आहे.

बंधूंनो, इथपर्यंत आपण दुसऱ्यांविषयी बोललो. आता मला एक कबुली द्यायची आहे.

एकदा शाळेत तपासणी होती. आलेल्या अधिकाऱ्यांनी वर्गात, मुलांसमोर, माझी कानउघाडणी केली. 'तुम्हा लोकांना नोकऱ्या मिळतात, पण काम नको' असे काहीसे ते बोलले. मी गप्प राहिलो. मनात म्हणालो, मी पूर्ण थेरांचा अनुयायी आहे. दहा मिनिटांनी मी बाहेर आलो, तर मुलांची खिचडी खाली लागली होती. खिचडी शिजवणारी बाई वारली समाजाची, मुलांची आई शोभेल अशी. मी तिच्यावर कडाडलो, "तुम्हा लोकांना एक काम धड येत नाही!" ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. शांतपणे ती म्हणाली, "गुरुजी, तू आता त्या साहेबासारखाच बोललास."

मला पायाखालची जमीन सरकल्यासारखे झाले. शब्दसुद्धा तेच होते, 'तुम्हा लोकांना'! वरून आलेला विटाळ मी माझ्यापाशी ठेवलाही नाही, धुतलाही नाही, तो जसाच्या तसा खाली ओतला. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे सांगितले ते हेच. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी आणि प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी. म्हणून वरच्याचा राग खालच्यावर काढून माणूस मोकळा होतो आणि व्यवस्था जागच्या जागी राहते. मी त्या दिवशी खंती पाळली नव्हती. मी फक्त माझ्या रागाचा पत्ता बदलला होता. मधल्या सुट्टीत मी त्या बाईंची माफी मागितली, आणि मुलांसमोरच मागितली, कारण अपमान मुलांसमोर केला होता.

म्हणून त्या कागदावर एक तिसरी बाजूही हवी, मागची. तिच्यावर लिहा: मी कोणाला कठीण आहे? आपल्यापैकी कितीतरी जण आता नुसते कामगार राहिलेले नाहीत. कोणी सुपरवायझर आहे, कोणी मुख्याध्यापक आहे, कोणी अधिकारी आहे, कोणाच्या घरी कामाला बाई येते. 'सिगालोवाद सुत्ता'त तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला सहा दिशांची पूजा म्हणजे काय ते सांगितले. त्यात खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली काम करणारी माणसे. त्यांना झेपेल तेवढेच काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. आपण वरच्या दिशेकडे रोज डोळे वटारून पाहतो. खालच्या दिशेला आपण कोणत्या तोंडाने पाहतो?

तुम्ही विचाराल, त्या तरुणाचे पुढे काय झाले? कथेत होते तसे काही झाले नाही. सुपरवायझर त्याच्या पाया पडला नाही, उपासकही झाला नाही. मुलाने पाना घरी ठेवला आणि खिशात छोटी वही ठेवली. तीन आठवडे तो तारीखवार लिहीत राहिला. त्यांच्या खात्यातले आणखी चार जण त्याच्याबरोबर उभे राहिले. त्यांतला एक उत्तर प्रदेशातला होता, एक ओडिशातला. आपल्या समाजाचा एकच होता. पाचही जणांनी मिळून वरच्या साहेबांकडे उजव्या बाजूच्या तीनच ओळी लेखी दिल्या. डाव्या बाजूची एकही ओळ दिली नाही. पिंपे धुण्याची पाळी आता सगळ्यांना फिरून येते. वेगळा कप गेला. सुपरवायझर त्याला नावाने हाक मारतो. अजूनही ओरडतो, आई-बहिणीवरूनही येतो, पण सगळ्यांवर सारखाच! मुलगा मला म्हणाला, "सर, शेवाळ आहे, चालायचेच. पाणी कुठे आहे ते शोधतोय." परवा त्या सुपरवायझरने त्याला व्हॉल्व्ह बदलायचे काम स्वतः शेजारी उभे राहून शिकवले.

धम्मबंधूंनो, पूर्णाला पाचशे माणसे मिळाली. आपल्याला वर्षाकाठी एक माणूस बदलता आला तरी पुष्कळ झाले, आणि तो एक माणूस बहुधा आपण स्वतःच असू. म्हणून या वर्षावासात एवढे करू या. कामावरचा राग घरच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आत येऊ, बायकामुलांवर तो ओतणार नाही. तो कागद तिन्ही बाजूंनी भरू आणि पौर्णिमेला पुन्हा वाचू. वस्तीत कोणावर उजव्या बाजूचा अन्याय होत असेल, तर त्याला एकटे जाऊ देणार नाही. आणि आपल्या हाताखालच्या एका माणसाला, ज्याला आजवर 'ए' म्हणून हाक मारली, त्याला उद्यापासून त्याच्या नावाने हाक मारू.

माझे वडील आता नाहीत. त्यांना सुत्त माहीत नव्हते, निकाय माहीत नव्हते. नागपूरच्या दीक्षेची हकीकत मात्र ते रडत सांगत. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी एकत्र कशा साधायच्या ते मला आता थोडेसे कळू लागले आहे. मान ताठ राहते ती प्रज्ञेने आणि संघाच्या बळाने. आवाज खाली राहतो तो शीलाने आणि मैत्रीने. दोन्ही एकत्र राहतात ती करुणेमुळे, आणि करुणा वरच्यासाठी जितकी, तितकीच खालच्यासाठी हवी.

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!